वाकेन, पण मोडणार नाही!

गेल्या रविवारी आईला घेऊन कर्जतला गेलो होतो. निमित्त अर्थातच वन बीएचके! मुंबईत शक्य नाही, ठाण्यात परवडत नाही, मग सेंट्रलच्या टाइमटेबलवरून बोट सरकत सरकत कर्जतपर्यंत येतंच. सॅम्पल फ्लॅट एकदम झकास, बाल्कनीतून थेट माथेरानचा डोंगर. मी मनातल्या मनात ईएमआयचा हिशेब करत असताना आईनं सेल्सच्या मुलाला विचारलं, "चौदावा मजला? आणि भूकंप झाला तर हो?" पोरगा गोड हसला आणि आम्हाला क्लबहाऊस दाखवायला घेऊन गेला.

पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. १९६७ मध्ये कोयना हादरलं होतं. २००२ च्या भूकंप-नकाशात मुंबईबरोबर हा पट्टाही झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याचा. मग इथे टॉवर कशाला? आणि आपलं सोडा, टोकियो-तैपेईसारख्या रोज उठून हलणाऱ्या शहरांत कशाला?

एक कारण सरळ आहे : जागा. जपानचा जवळपास पाऊण भाग डोंगराळ, सगळी गर्दी सपाटीवर. कर्जतचंही तेच. एकीकडे माथेरान, दुसरीकडे सह्याद्री, मधे उल्हास आणि भातखाचरं. माथेरानभोवतीचा पट्टा २००३ मध्ये इको-सेन्सिटिव्ह झाला. त्यात प्रत्येकाला घर हवं स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर! मग वर जाण्यावाचून इलाज काय?

दुसरं कारण जास्त इंटरेस्टिंग आहे. जपानमध्ये १९६३ पर्यंत इमारतींना ३१ मीटरची मर्यादा होती. ती उठली आणि १९६८ मध्ये टोकियोत ३६ मजली कासुमिगासेकी उभी राहिली. भरवसा होता तो लवचीकपणाचा. 'मोडेन पण वाकणार नाही' हा आपला बाणा भूकंपात अगदी उलटा करायचा. बुटकी, ताठ इमारत जमिनीच्या जलद धक्क्यांबरोबर थरथरते, उंच इमारत सावकाश डुलते. २०११ च्या भूकंपात टोकियोचे टॉवर कित्येक मिनिटं झुलत होते. आतल्यांना बोट लागल्यासारखं झालं असेल, पण एकही टॉवर कोसळला नाही. अर्थात उंची म्हणजे अभयदान नव्हे. जमीन मऊ असेल तर तीही सावकाश हलते. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत, जुन्या तळ्याच्या गाळावर, सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींनीच सर्वांत जास्त मार खाल्ला.

आता किल्लारी आठवा. १९९३ ला तिथे टॉवर होते का? दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. सुमारे दहा हजार माणसं त्याखाली गेली. २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत पडल्या त्या बऱ्याचशा चार-पाच मजली सोसायट्या. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, वर भिंतींनी भरलेले जड मजले. धक्का बसला आणि खालचे खांबच मोडले. दचकलात? तुमची आत्ताची भाड्याची बिल्डिंग डोळ्यांसमोर आली ना!

म्हणून साइटवर गेलात तर सॅम्पल फ्लॅटच्या आधी पार्किंगमध्ये जा. लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती पार तळापर्यंत उतरल्यात का, ते बघा. स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, माती-परीक्षण झालंय का, विचारा. ५० मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी २०१७ मध्ये वेगळी मानकं आली, ती पाळलीत का? इटालियन मार्बलचं कौतुक नंतर.

आणि हो, इमारत डोंगर कापून उभी आहे का, हेही विचारा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा भूकंप नव्हता, पाऊस होता. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. तिथेही टॉवर नव्हता.

परतीच्या लोकलमध्ये हे सगळं आईला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. बदलापूर आल्यावर म्हणाली, "ते ठीक आहे रे. पण लाइट गेल्यावर चौदा मजले कोण चढणार?"