जिवंत पेशीतला आरएनए कसा पाहतात?

पेशीतला डीएनए बहुतांशी केंद्रकात बसून असतो. धावपळ असते ती आरएनएची. कुठलं प्रथिन, कधी आणि किती बनवायचं याचा निरोप मेसेंजर आरएनए घेऊन जातो आणि काम झालं की काही मिनिटांत किंवा तासांत मोडून जातो. तो मोजायच्या नेहमीच्या पद्धतींत आधी पेशी फोडावी लागते. त्यातून हजारो पेशींची सरासरी कळते, पण एखाद्या पेशीत तो नेमका कुठे होता हे कळत नाही. 'फिश' नावाच्या पद्धतीत जागा कळते, पण त्यासाठी पेशी रसायनांनी गोठवावी, म्हणजे मारावी लागते. वाहता निरोप वाहताना पाहायचा असेल, तर पेशी जिवंत ठेवूनच पाहायला हवं.

आधी अंधार हवा

आरएनएची अक्षरं चार, आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या: ए समोर यू, जी समोर सी. त्यामुळे हव्या त्या आरएनएच्या एका तुकड्याला पूरक अशी छोटी साखळी प्रयोगशाळेत बनवता येते. तिलाच प्रोब म्हणतात. वीस अक्षरांचे एक लाख कोटींहून अधिक वेगवेगळे क्रम होऊ शकतात, म्हणून एवढी लांबी एखादा आरएनए ओळखायला साधारणपणे पुरते.

या साखळीला चकाकणारा रंगरेणू जोडला की काम झालं असं वाटेल. पण न चिकटलेले प्रोबही तितकेच चमकतात. मेलेल्या पेशीतले जादा प्रोब धुऊन टाकता येतात. जिवंत पेशी आतून धुता येत नाही. म्हणून लक्ष्य सापडेपर्यंत विझलेला राहणारा प्रोब हवा. माझ्या मते या साऱ्या विद्येचं मर्म चमकण्यात नाही, या विझलेलं राहण्यात आहे.

त्यागी आणि क्रेमर यांचा प्रोब

न्यूयॉर्कच्या पब्लिक हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये यावर उपाय मांडला: मॉलिक्युलर बीकन. केसांना लावायच्या आकड्यासारखी दुमडलेली ही डीएनएची साखळी. मधला वळसा लक्ष्याला पूरक असतो. दोन्ही टोकांची पाच ते सात अक्षरं मात्र एकमेकांना पूरक असल्यामुळे जुळून छोटा देठ बनतो. एका टोकाला रंगरेणू, दुसऱ्या टोकाला त्याची ऊर्जा शोषून घेणारा शामक रेणू. देठ मिटलेला असेपर्यंत दोघं अगदी लगटून असतात आणि प्रकाश दिसत नाही.

वळशाला त्याचा आरएनए भेटला की दोघांची दुपेडी जोडी बनते. ती देठापेक्षा लांब, अधिक घट्ट आणि ताठ असते. ताठ जोडी वाकत नाही, त्यामुळे देठाला उघडावंच लागतं. टोकं दूर जातात, रंगरेणू सुटतो, प्रकाश येतो.

यातली खरी करामत पुढे आहे. मिटून राहणं हीसुद्धा या साखळीची सुखाची स्थिती आहे. त्यामुळे लक्ष्यात एखादंच अक्षर चुकीचं असलं तरी, तापमान नीट निवडलेलं असेल तर, उघडणं तिला परवडत नाही. सरळ साखळीचा प्रोब अशी चूक अनेकदा पोटात घालतो. बीकन ती पकडतो.

सीबीनॅटच्या कार्ट्रिजमध्ये

हे तंत्र महाराष्ट्रातल्या क्षयरोग केंद्रांपर्यंत पोहोचलेलं आहे. थुंकीच्या ज्या तपासणीला तिथे सीबीनॅट म्हणतात, तिच्या मूळ एक्सपर्ट कार्ट्रिजमध्ये पाच बीकन असतात. क्षयाच्या जंतूच्या आरपीओबी जनुकातला ८१ अक्षरांचा पट्टा ते आपसांत वाटून घेतात. रिफॅम्पिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत बदल याच पट्ट्यात असतो. पाचही बीकन वेळेवर उजळले तर औषध चालेल. एखादा उजळलाच नाही किंवा फार उशिरा उजळला, तर जंतू औषधाला जुमानत नसल्याचा तो इशारा. इथे न उमटलेला प्रकाशच निदान करतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये या चाचणीला मान्यता दिली. निकाल दोन तासांच्या आत येतो.

अर्थात इथे लक्ष्य डीएनए आहे, जंतू फोडलेला आहे आणि लक्ष्याच्या असंख्य प्रती काढलेल्या आहेत. जिवंत पेशीत यातली एकही सोय नसते.

पेशीच्या आत गेल्यावर

पेशीतली विकरं परका डीएनए कापून टाकतात. बीकन तुटला की रंगरेणू मोकळा होतो आणि लक्ष्य नसतानाही चमकतो. दुसरा धोका याहून वाईट. आरनेज एच हे विकर डीएनएशी जोडी जमलेला आरएनए कापतं. म्हणजे जो पाहायचा, त्याचाच नाश. म्हणून पेशीतल्या बीकनचा कणा डीएनएचा न ठेवता टू-प्राइम-ओ-मिथाइल आरएनएचा ठेवतात. दोन्ही विकरांपुढे तो टिकतो.

आत शिरणंही सोपं नाही. पेशीने प्रोब स्वतः गिळला, तर तो गिळताना बनलेल्या पिशवीतच अडकून राहतो. सुईने थेट टोचला, तर छोटा प्रोब काही मिनिटांत केंद्रकात जाऊन बसतो. त्याला बाहेर राखायला टीआरएनए जोडायची युक्ती वापरली गेली आहे.

फळमाशीच्या अंडपेशीत

२००३ मध्ये दियाना ब्रातू, त्यागी, क्रेमर आणि सहकाऱ्यांनी असे टिकाऊ बीकन फळमाशीच्या वाढत्या अंडपेशीत वापरले. अंडपेशीला लागून पंधरा पोषक पेशी असतात आणि त्या एकमेकींशी छिद्रांनी जोडलेल्या असतात. ओस्कर नावाचा आरएनए पोषक पेशींत तयार होतो, छिद्रांतून अंडपेशीत येतो आणि तिच्या मागच्या टोकाला जमतो. तो तिथे जमला नाही, तर भ्रूणाचं पोट आणि पुढच्या जननपेशी धड बनत नाहीत. हा प्रवास जिवंत ऊतीत, घडत असताना पाहता आला.

पण दिसलेला प्रकाश ओस्करचाच कशावरून? त्यासाठी त्यांनी दोन बीकन शेजारी शेजारी बसतील असे बेतले. पहिल्याने घेतलेली ऊर्जा दुसऱ्याला मिळते आणि दुसऱ्याचा रंग दिसतो. हे दोघं काही नॅनोमीटरच्या अंतरावर आले तरच घडतं. तुटके, भरकटलेले बीकन आपोआप बाद होतात. अशी खातरजमा नसलेलं नुसतं देखणं चित्र मला पुरावा वाटत नाही.

दुसऱ्या वाटा

रॉबर्ट सिंगर यांच्या गटाने १९९८ मध्ये यीस्टमधल्या एएसएच१ आरएनएत एमएस२ विषाणूचे वळसे घातले आणि त्यांना चिकटणारं चकाकतं प्रथिन पेशीकडूनच बनवून घेतलं. २०११ मध्ये सॅम्मी जाफ्री यांच्या गटाने 'स्पिनच' आणला: हा आरएनए एका छोट्या रंगरेणूला कवेत घेऊन स्वतःच हिरवा चमकतो. पण दोन्हींत आरएनएचं मूळ जनुक बदलावं लागतं. निसर्गतः आहे तसाच आरएनए, उदाहरणार्थ रुग्णाच्या पेशीतला, पाहायचा तर बीकनसारखा बाहेरून घातलेला प्रोब उपयोगी पडतो.

उणीव आहे ती संवेदनशीलतेची. एखाद्या आरएनएच्या पेशीत मोजक्याच प्रती असतात आणि पेशीची स्वतःची मंद चकाकी तो प्रकाश झाकून टाकते. २००५ मध्ये त्यागींच्या गटाने केंद्रकात एकेकटा आरएनए फिरताना पाहिला. तो मोटारीसारखा ढकलला जात नाही, तर इकडेतिकडे धडकत पसरत जातो, हे तेव्हा दिसलं. पण त्यासाठी त्यांना आरएनएत एकच क्रम ९६ वेळा ओवावा लागला, म्हणजे इथेही मूळ रचना बदलावी लागली. न बदललेल्या आरएनएचा एकच रेणू जिवंत पेशीत भरवशाने दिसणं अजूनही अवघडच आहे.