फायरमनच्या प्रमाणपत्राला मुदत हवी

पुण्याच्या अग्निशमन दलात मदतीसाठी आलेल्या फोनला ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी आली की बंब निघतो. त्यात बसलेला फायरमन तिथवर कसा पोहोचला, याची चौकशी आपण नागरिक सहसा करत नाही. करायला हवी, कारण एकाच राज्यात ही वाट शहरागणिक बदलते.

पुणे महापालिका फायरमनच्या भरतीत दहावी, एमएससीआयटी आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम मागते. म्हणजे आधी शिक्षण, मग अर्ज. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये ९१० जागांसाठी दहिसरच्या मैदानावर भरती घेतली, तेव्हा अट होती बारावीची आणि मैदानी चाचणीची. १९ फुटांवरून जंपिंग शीटवर उडी मारायची, ५० किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन धावायचं. निवड झाल्यावर शिकवायचं काम पालिकेचं. मला मुंबईची पद्धत जास्त न्यायाची वाटते. पुण्यासाठी तयारी करणाऱ्या पोराला नोकरीची खात्री नसताना घरच्यांच्या पैशावर सहा महिने काढावे लागतात, आणि जागा कधी निघतील ते कुणालाच ठाऊक नसतं.

पुढच्या पायऱ्यांसाठी नागपूर गाठावं लागतं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. उपअधिकारी, स्थानक अधिकारी, विभागीय अधिकारी अशा चढत्या हुद्द्यांचे अभ्यासक्रम तिथे आहेत आणि फायर इंजिनिअरिंगची पदवीही.

फायरमनच्या प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात, ते बीए सेटवरून, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठीच्या उपकरणावरून कळतं. पाठीवरचा सहा लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाने भरला की त्यात साधारण १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ४५ मिनिटं होतात. पण भरलेला होज ओढत चौथा मजला चढणारा माणूस एवढ्या कमी हवेत भागवू शकत नाही. घाबरला तर हवा आणखी झपाट्याने संपते. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजते. मात्र परतीचं गणित शिट्टीच्या आधीच करायचं असतं. आत यायला जेवढी हवा लागली, तेवढी तरी बाहेर पडायला राखून ठेवायची. धुरात हातसुद्धा दिसत नसताना डोकं शांत ठेवून हा हिशेब करायला पुस्तक पुरत नाही. तो पुन्हा पुन्हा करूनच अंगवळणी पडतो.

म्हणून माझा आग्रह प्रमाणपत्राच्या मुदतीचा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. पंप सहा महिन्यांत गंजू शकतो, हे कायद्याला मान्य आहे. जवानाच्या प्रमाणपत्रावर मात्र संपण्याची तारीख नसते. केंद्रावर रोज सकाळी ड्रिल होते, ती मोलाचीच आहे. पण ओळखीच्या अंगणातली ड्रिल आणि अनोळखी धुरातली परीक्षा यांत फरक आहे.

पुण्यात प्रशिक्षणाचा प्रश्न जास्त टोचतो. इथे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका, कँटोन्मेंट, पीएमआरडीए, एमआयडीसी अशी वेगवेगळी दलं आहेत. मोठ्या आगीत त्यांचे बंब शेजारी शेजारी उभे राहतात. त्यांच्या जवानांचं शिक्षण एका मापाचं असायला नको का? अमेरिकेत हजारो स्वतंत्र दलं आहेत, तरी ‘फायरफायटर १’ आणि ‘फायरफायटर २’ या पातळ्यांना एक राष्ट्रीय मानक आहे. रसायनांच्या आगीत तर असं एक माप आणखीच लागतं. ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवडे इथे रसायनांच्या कारखान्यात आग लागून १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. अशा आगीत पाणी कुठे मारायचं आणि कुठे मुळीच मारायचं नाही, हे वेगळं शास्त्र आहे.

वीस वर्षांपूर्वी सहा महिने शिकून लागलेला जवान आज बढती मिळून तांडेल झाला असेल. त्याच्या अभ्यासक्रमात लिथियम बॅटरी नव्हती. आज सोसायटीच्या तळघरात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटल्याची वर्दी त्यालाच येते. ती विझल्यासारखी दिसते आणि काही तासांनी पुन्हा पेटू शकते.