पडद्यावरची सभा (भाग ४) : दार कोणी उघडायचं?

गेल्या आठवड्यात कॅमेरा आणि माइक यांची ओळख झाली. आता पाळी सभेच्या शिस्तीची. झूम असो, गूगल मीट असो की मायक्रोसॉफ्ट टीम्स. बटणांच्या जागा बदलतात, सोयी मात्र बहुतेक त्याच. म्यूट, हात वर करणं, चॅट, स्क्रीन शेअर, रेकॉर्डिंग. या सगळ्यांची किल्ली ‘होस्ट’कडे, म्हणजे सभा बोलावणाऱ्याकडे असते.

ही किल्ली किती मोलाची, ते २०२०मध्ये जगाला कळलं. डिसेंबर २०१९पर्यंत झूमवर दिवसाला जास्तीत जास्त एक कोटी हजेऱ्या लागत. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे मार्च २०२०मध्ये त्या वीस कोटींच्या पुढे गेल्या. कचेऱ्यांसाठी बनलेलं साधन शाळांनी आणि कुटुंबांनी हाती घेतलं. सभेच्या लिंक समाजमाध्यमांवर उघड्या पडल्या आणि अनोळखी माणसं वर्गात घुसून अश्लील चित्रं दाखवू लागली. या प्रकाराला ‘झूमबॉम्बिंग’ असं नावच पडलं. अखेर ५ एप्रिल २०२०पासून झूमने मोफत खात्यांवर पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप सुरू राहील अशी सोय केली. त्याच महिन्यात भारताच्या गृह मंत्रालयानेही सूचना काढल्या : दर सभेला नवा आयडी आणि पासवर्ड घ्या, स्क्रीन शेअरचा हक्क होस्टपुरता ठेवा, सगळे आले की सभेला कुलूप लावा.

वेटिंग रूम म्हणजे घराची ओसरी. आलेल्याचं नाव होस्टला दिसतं आणि ‘ॲडमिट’ दाबल्यावरच तो आत येतो. अडचण एकच. नावाच्या जागी कधी नुसतं ‘आयफोन’ किंवा ‘गॅलॅक्सी’ उमटतं. मग आत घ्यायचं कोणाला? म्हणून निमंत्रणातच ‘स्वतःच्या पूर्ण नावाने या’ असं लिहावं.

म्यूटचा नियम समजून घेण्यासारखा आहे. होस्ट कोणाचाही माइक बंद करू शकतो. पण परवानगीशिवाय तो चालू करता येत नाही. झूमवर फक्त तशी विनंती जाते. घरातलं बोलणं नकळत सभेत पोचू नये, म्हणून ही मर्यादा हवीच.

स्क्रीन शेअर करताना अख्खा पडदा दाखवायचा की एकच खिडकी, हे आधी ठरवावं. अख्खा पडदा दाखवला, तर मध्येच आलेला व्हॉट्सॲपचा खासगी निरोपही सगळे वाचतात. व्हिडिओ दाखवायचा असेल, तर संगणकाचा आवाज शेअर करण्याचा पर्याय निवडावा. नाहीतर समोरच्यांना बहुधा मुकं चित्रच दिसतं.

वेळेचंही भान हवं. मोफत खात्यावर झूमची सभा ४० मिनिटांत संपते. गूगल मीटवर तीन किंवा अधिक माणसं असतील, तर तासाभरात.

पुढची सभा तुम्ही बोलावणार असाल, तर खात्यावर सोय असल्यास सभा सुरू होताच एक सहहोस्ट नेमा. तुमचं नेट गेलं, तरी ओसरीत थांबलेल्यांना आत घ्यायला कोणीतरी असेल.

(पुढील भागात : रेकॉर्डिंग आणि संमती)