फोटोची फाइल हलकी झाली, पण त्यातलं काय गेलं?

लग्नात आयफोनवर काढलेला फोटो प्रिंटसाठी स्टुडिओत पाठवला आणि तिथून उत्तर आलं, 'फाइल उघडत नाही.' अशा वेळी बहुतेकदा फोटो खराब नसतो; त्याचा फॉरमॅट 'जेपेग'ऐवजी 'एचईआयसी' असतो.

जेपेग बदलायची गरज का पडली?

जेपेग १९९२ पासून आहे. डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत असे बारकावे टाकून देऊन तो फाइल लहान करतो. पण त्यात प्रत्येक मूळ रंगाच्या फक्त २५६ छटा मावतात. म्हणून संध्याकाळच्या आकाशात कधी कधी पट्टे दिसतात. फाइल जास्तच दाबली, तर चौकोनी ठिपकेही उमटतात.

नवे फॉरमॅट कोणते?

वेबपी : गूगलने २०१० मध्ये आणला. वेबसाइटवर सर्रास दिसतो, पण छटांची मर्यादा जेपेगइतकीच.

एचईआयसी : अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयफोनमध्ये आणला. जेपेगच्या साधारण निम्म्या जागेत तोच फोटो बसतो. मात्र त्यामागचं तंत्रज्ञान पेटंटमध्ये अडकलेलं असल्याने तो सगळीकडे उघडत नाही.

एव्हीआयएफ : २०१९ मध्ये आला. वापरासाठी रॉयल्टी लागत नाही, छटा जास्त मावतात आणि आजचे प्रमुख ब्राउझर तो दाखवतात.

जेपेग एक्सएल : जुना जेपेग यात बदलला तर फाइल साधारण २० टक्के लहान होते आणि हवी तेव्हा जशीच्या तशी मूळ जेपेग परत मिळते. तरीही गूगलने २०२२ मध्ये क्रोममधून त्याचा प्रायोगिक सपोर्ट काढायचं ठरवलं. २०२३ मध्ये अ‍ॅपलने मात्र सफारीत त्याला जागा दिली. फॉरमॅट कितीही चांगला असला, तरी ब्राउझरने साथ दिली नाही तर तो लोकांपर्यंत पोहोचत नाही.

फोटोग्राफरसाठी याचा अर्थ काय?

जागा वाचवायला सगळे जुने जेपेग एव्हीआयएफमध्ये बदलून मूळ फाइल डिलीट करण्याचा मोह होतो. नुकसान होतं ते इथेच. आधीच दाबलेला फोटो पुन्हा दाबला की आणखी बारकावे जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. कॅमेऱ्याची रॉ फाइल किंवा मूळ जेपेग जपून ठेवावी. नवे फॉरमॅट फक्त शेअर करायच्या प्रतीसाठी वापरावेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो तिथेही दाबला जातो. प्रिंटसाठी पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. आणि स्टुडिओत एचईआयसी उघडत नसेल, तर आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमधल्या 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावं; पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतील.

फोनमधली जागा उद्या पुन्हा विकत घेता येते. पुसलेला मूळ फोटो मात्र परत मिळत नाही.