इंधनाचा थेंब आणि लेसरचा किरण

डिझेल एंजिनाच्या धुराने आपणा सर्वांचेच डोळे केव्हा ना केव्हा चुरचुरले असतील. त्या धुराचे मूळ शोधू गेल्यास आपण इंधनाच्या एका थेंबापाशी येऊन पोहोचतो. तेल द्रवरूपात जळत नाही. आधी त्याची वाफ व्हावी लागते, ती हवेत मिसळावी लागते, आणि मग ती पेट घेते. ह्या साऱ्या व्यवहाराला एंजिनात सेकंदाचे काही सहस्रांश एवढाच अवधी मिळतो. १९५३ साली गॉडसेव्ह यांनी दाखविले की, जळत्या थेंबाच्या व्यासाचा वर्ग कालाच्या प्रमाणात घटत जातो. म्हणजे व्यास निम्मा केला की थेंब चतुर्थांश वेळातच संपावयाचा. थेंब मोठा राहिला, तर त्याची वाफ हवेत नीट मिसळण्यापूर्वीच तापते आणि तिची काजळी होते.

ह्या थेंबावर लेसरचा झोत सोडला तर काय घडेल? ते त्या प्रकाशाच्या रंगावर अवलंबून आहे. स्वच्छ इंधनातून हिरवा प्रकाश जवळजवळ अडथळ्यावाचून आरपार जातो. परंतु सुमारे ३.४ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण त्याच इंधनाला चांगलेच मानवतात. कार्बन व हायड्रोजन यांच्यामधील बंध ते शोषून घेतात आणि थेंब तापतो. त्यातून थेंब स्वतःच भिंगासारखा वागतो. प्रकाश समोरून आला, तरी तो एकवटतो पलीकडच्या बाजूस. झोत पुरेसा प्रखर असला, तर थेंब आतून उकळतो आणि फुटून त्याचे अनेक बारीक थेंब होतात.

प्रकाशाला दाबही असतो. १९७५ साली आर्थर ॲश्किन व त्यांचे सहकारी यांनी द्रवाचे सूक्ष्म थेंब केवळ लेसरच्या दाबाने हवेत तोलून धरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे २०१८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, ॲश्किन यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आमच्या सरकारी खात्यांतील विलंबाचे मला आता काही वाटत नाही!

मात्र संशोधकाला एक सावधगिरी बाळगावी लागते. तपासनीस येणार म्हटले की कचेरीचे रूप पालटते. तद्वत मोजणीचा झोतच थेंबाला तापवू लागला, तर मोजले काय जाणार? म्हणून मोजणीसाठी सौम्य आणि इंधनात न शोषला जाणारा प्रकाश निवडतात. विजापूरच्या गोल घुमटात भिंतीशी कुजबुजलेला शब्द गोलाईने फिरत पलीकडे ऐकू येतो, हे आपणांपैकी पुष्कळांनी अनुभविले असेल. थेंबाच्या आतल्या कडेने प्रकाशही असाच फिरतो. परिघात लाटा नेमक्या पूर्ण संख्येने बसल्या की थेंब क्षणभर अधिक उजळतो. तो आटत जातो तसतसे हे उजाळे एकामागून एक येतात, आणि त्यांवरून त्याचा व्यास अतिशय बारकाईने काढता येतो.