‘काळ्या मातीला पोटॅश कशाला?’

वाक्य ठरलेलं असतं. “आपल्या काळ्या मातीत पोटॅश रग्गड आहे, मोहरीला वरून कशाला?” शेतकरी म्हणतो, कृषी केंद्राच्या काउंटरवरचा पोरगा मान डोलावतो आणि डीएपी नि युरियाची पोती गाडीवर चढतात. डीएपीच्या पोत्यावर १८:४६:० असं ठसठशीत छापलेलं असतं. त्यातलं शेवटचं शून्य पालाशाचं, म्हणजे पोटॅशचं. ते कुणी वाचत नाही. पूर्व विदर्भात धानामागे मोहरी दिसू लागली, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं टीएएम १०८-१ हे वाण पेरलं जाऊ लागलं, तसं हे वाक्य जास्तच कानावर येतं. गंमत म्हणजे सिहार, म्हणजे काळी नसलेली, जमीन असणारेही ते तितक्याच ठसक्यात म्हणतात. म्हणजे ‘काळी’ हा मातीचा रंग राहिला नाही, तो खत न घालण्याचा परवाना झाला.

वाक्य सपशेल खोटं असतं तर सोपं होतं. ते अर्धं खरं आहे. एका हेक्टरवरचा वरचा वीतभर थर सुमारे २२ लाख किलोंचा. त्यात १ टक्का पालाश धरला तरी २२ हजार किलो भरतो. पण त्यातला बहुतेक फेल्डस्पार आणि अभ्रकासारख्या खनिजांत अडकलेला. मुळांना हंगामात मिळणारा, माती परीक्षणात ‘उपलब्ध’ म्हणून येणारा, काही शे किलोच. सातबाऱ्यावर चार एकर आणि खिशात एसटीचं भाडं नाही, अशी ही श्रीमंती.

शिवाय माती-मातीत फरक आहे. देशातली जवळपास निम्मी मोहरी राजस्थानात पिकते. भरतपूर-अलवरकडच्या गाळाच्या जमिनीत अभ्रकाच्या कुळातली चिकणमाती जास्त. वरचा पालाश संपला की आतला साठा हळूहळू सुटत राहतो. आपल्या काळ्या मातीचं उलट. तिच्या कणांवर लगेच मिळणारा पालाश भरपूर दिसतो, पण मागचा साठा त्या मानाने बेताचा. शिवाय ही चिकणमाती पालाश घट्ट धरून ठेवते, त्यामुळे अहवालात आकडा मोठा असला तरी मुळांभोवतीच्या पाण्यात तितका उतरतोच असं नाही. हे माझ्या पदरचं नाही. डॉ. ए. सुब्बा राव आणि डॉ. चे. श्रीनिवास राव यांनी भारतीय जमिनींतल्या पालाशावर केलेल्या कामात ही विभागणी स्पष्ट मांडलेली आहे. काळी माती म्हणजे तळ नसलेली विहीर नव्हे.

आता शेतातून जातं काय ते बघा. मोहरी पालाश उचलते तो दाण्यात थोडा आणि काडी-फोलकटात बराच राहतो. दाणा विकला म्हणून जमीन उपाशी पडत नाही, काडी गेली की पडते. राजस्थानात मोहरीची काडी वीटभट्ट्यांना आणि जैवइंधनावरच्या वीजप्रकल्पांना जाते. आपल्याकडे ती बांधावर पेटवतात, राख एका कोपऱ्यात राहते. त्याच्या आधी खरिपात त्याच बांधीतून धानाचं तणस घरी नेलेलं असतं. धानाने उचललेल्या पालाशातला सुमारे ८० टक्के तणसात असतो. एका वर्षात दोन पिकांची काडी नेली आणि परत काय घातलं? १८:४६:०.

मागे एका शेतकऱ्याने शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला माती अहवाल काढला. “बघा, तीनशे! भरपूर!” आकड्यापुढे लिहिलं होतं ‘के-२-ओ’. प्रचलित फूटपट्टीत हेक्टरी २८० किलोंच्या वर ‘भरपूर’, पण ते मूलद्रव्य पालाशाचं माप. ऑक्साइडच्या रूपात तीच रेघ ३३६ वर जाते, कारण दोन्हींत १.२ पट फरक आहे. म्हणजे त्यांचा तीनशे मध्यम होता. दोष त्यांचा नाही, प्रयोगशाळेने एकक नीट समजावलं नव्हतं.

खरोखर ‘भरपूर’ असेल आणि काडी शेतातच कुजत असेल, तर एखादा हंगाम पोटॅश नाही टाकला तरी चालेल. मी पोटॅशचा विक्रेता नाही. पण मध्यम किंवा कमी असेल तर पेरणीबरोबरच द्या. हेक्टरी ४० किलो पालाश धरला तर ६० टक्केवालं म्युरेट ऑफ पोटॅश एकरी साधारण २७ किलो लागतं. खालच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून जळक्या कागदासारख्या तपकिरी व्हायची वाट बघू नका. तोवर उत्पन्नातला घाटा होऊन गेलेला असतो. (कोवळी पानं फिकट पडत असतील तर तो बहुधा गंधकाचा प्रश्न. दोन्हींची गल्लत रोज होते.)

यावर लगेच उत्तर येतं, “दाणा भरताना शून्य-शून्य-पन्नासचा फवारा मारू की!” मारा. लिटरला ५ ग्रॅम, एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे १ किलो खत आणि त्यातला पालाश अर्धा किलो. वर सांगितलेली मात्रा एकरी १६ किलोंची होती. भूक लागलेल्याला बडीशेप दिल्यासारखं आहे हे.

अशी ठरलेली वाक्यं आणखीही आहेत. “लाल पोटॅश भेसळीचं, पांढरं अस्सल.” लाली लोहाच्या ऑक्साइडची असते, पालाश दोन्हींत जवळपास सारखाच. “पोटॅश टाकलं की मावा येत नाही.” पोटॅश कीटकनाशक नाही. माव्यापासून जास्त वाचवते ती वेळेवरची पेरणी. “साखर कारखान्याचं मळीचं पोटॅश तेच काम करतं, पोत्यास पोतं.” त्यात पालाश साधारण १४.५ टक्के, म्युरेटच्या चौथाईहून कमी. काम करतं, पण पोत्यास चार पोती लागतात. आणि “पोटॅशमधल्या क्लोराइडने जमीन खारते.” २७ किलो म्युरेटमधून एकरात क्लोराइड जातं बारा-तेरा किलो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या विहिरीच्या पाण्याची एकच ६ सेंटिमीटरची पाळी दिली, तर सत्तर किलोंवर जातं. त्या विहिरीचं पाणी तपासून आणा, मग पोटॅशच्या पोत्यावर बोलू.