आईचे देणे आणि लाखोंची दृष्टी

असोद्यात सकाळी ओट्यावर बसलेल्या ज्येष्ठांकडे जरा लक्ष देऊन पाहावे. समोरून येणारा कोण, हे चेहऱ्याऐवजी चालीवरून वा खोकल्यावरून ओळखण्याची सवय कित्येकांना जडलेली असते. विचारले, तर उत्तर ठरलेले: "मोतीबिंदू अजून पिकला नाही." वाचकहो, आपल्या घरीही हेच ऐकू येत असेल, तर डॉ. तात्याराव लहाने यांचे आयुष्य आपण अवश्य जाणून घ्यावे.

लातूर जिल्ह्यातील माकेगावी, गरीब शेतकरी कुटुंबात ते जन्मले. नेत्रशल्यविशारद झाले आणि ऐन उमेदीत दोन्ही मूत्रपिंडांनी साथ सोडली. १९९५ मध्ये आई अंजनाबाईंनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. त्या बळावर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ मध्ये पद्मश्री लाभली. आकडा थोर आहेच. मला मात्र त्याहून मोलाची वाटतात ती त्यांची शिबिरे. बाबा आमटे यांच्या आनंदवनातील कुष्ठरुग्णांपर्यंत ते स्वतः गेले. रुग्णाने दाराशी यावे, अशी वाट त्यांनी पाहिली नाही.

मग आपण कशाची वाट पाहतो? पूर्वी डोळ्यातील गढूळ भिंग अखंड काढीत, म्हणून ते पिकावे लागे. आता ध्वनिलहरींनी भिंग विरघळवून, अवघ्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून कृत्रिम भिंग बसवितात. उलट, अति पिकलेले भिंग कठीण होते. क्वचित डोळ्यातील दाबही वाढतो, आणि त्यातून दृष्टिचेता दुखावली तर गेलेली नजर परतत नाही.

घरातील वृद्ध तक्रार करतीलच असे नाही. तांदळातले खडे सुटू लागले, उंबरठ्याशी पाय अडखळू लागला, रात्री दिव्याभोवती वलय दिसू लागले, की तपासणी करावी. असोद्याहून जळगाव कितीसे दूर! मधुमेह असल्यास रक्तातील साखर आधी आटोक्यात आणावी. शस्त्रक्रियेनंतर डोळा चोळू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये. वेदना, लाली वाढली किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आणि तारीख घेण्याआधी एवढे ठरवा: पुढचे काही आठवडे आजींच्या डोळ्यात वेळेवर थेंब कोण घालणार?